हजार विड्या, ३० फायली आणि पाण्याचा दिवस

प्रश्न : मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी आरोग्य विम्याचे दावे तपासते. कंपनीनं कायम घरून काम करायची परवानगी दिल्यावर तीन वर्षांपूर्वी आम्ही सोलापूरला सासरी राहायला आलो. घर अशोक चौकाच्या पुढं, पूर्व भागात. खाली चुलत सासऱ्यांचे चार यंत्रमाग, वर आम्ही. सासू-सासरे, नवरा आणि पहिलीतला मुलगा. नवरा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे, आठला जातो, साडेसहाला येतो. माझी ड्यूटी दहा ते सात, दिवसाला ३० फायली. पण माझा लॅपटॉप बंद होतो रात्री अकराला. मधेच पाणी येतं, सिलिंडरवाला येतो, नणंदेचा फोन येतो, कुणी चहाला येतं. सगळ्याला मीच उठायचं, कारण मी घरीच असते. नवी वही घेतली, याद्या केल्या, फोनमध्ये तीन ॲप टाकली. आठ दिवसांत सगळं बंद पडतं. दार लावून बसले तर सासूबाई म्हणतात, "आमीबी घरात बसूनच हजार-हजार विड्या वळल्या, पोरं वाढवली. आमी कुटं दार लावलं?" यावर मला उत्तर सुचत नाही. मला शिस्तच नाही का? की नोकरी सोडून घरच बघू?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर :

नोकरी सोडू नका. आणि चौथं ॲपही टाकू नका.

दिवसभर घरातलं सगळं उरकून, मुलाचं बघून, रात्री अकरापर्यंत बसून जी बाई ३० फायली पुऱ्या करते तिला बेशिस्त कोण म्हणेल? तुमचा दिवस दुसरेच कुणीतरी तुकड्या-तुकड्यांनी घेऊन जातात आणि तो तुम्ही रोज रात्री आपल्या झोपेतून भरून काढता. हे चार तास कुठं जातात ते आधी सापडायला पाहिजे. मग वही, यादी काय ते बघू.

पण सुरुवात सासूबाईंच्या बोलण्यापासूनच करू या. तुमच्या पत्रात सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे, आणि तुम्ही ते टोमणा म्हणून बाजूला ठेवलंय.

घरून काम करणं ही गोष्ट २०२० च्या टाळेबंदीत आली असं पुण्या-मुंबईकडं कुणी म्हणालं तर चालेल. सोलापूरच्या पूर्व भागात हे म्हणणं हास्यास्पद आहे. इथं पिढ्यान्‌पिढ्या घरातच माग चालले, उंबऱ्यात बसून विड्या वळल्या गेल्या, आजही हजारो बायका वळतात. तुमच्या सासूबाई या कामात तुमच्यापेक्षा कितीतरी सीनियर आहेत. त्यांनी काय केलं ते नीट बघा. आदल्या रात्री तेंदूची पानं भिजत घालायची, म्हणजे सकाळी कात्री लावायला पानं मऊ तयार. वळायच्या विड्यांचा आकडा ठरलेला. मजुरी हजार विड्यांमागं, त्यामुळं किती झालं आणि किती राहिलं हे सुपाकडं बघितलं की घरातल्या शेंबड्या पोरालाही कळायचं. माल कारखान्याच्या शाखेत ठरल्या वेळेला पोचवायचा. वेळ चुकली तर कुणी थांबत नसे. आणि तिथं तपासणारा बसलेला असायचा, वाईट वळलेल्या विड्या छाट म्हणून बाजूला काढायचा. त्यांचे पैसे नाहीत.

तयारी आदल्या दिवशी, आकडा ठरलेला, काम सगळ्यांना दिसणारं, माल द्यायची वेळ पक्की. यातलं तुमच्याकडं काय आहे? आकडा आहे, पण तो फक्त तुमच्या स्क्रीनवर आहे. बाकीच्या तिन्हीचा पत्ता नाही. सासूबाईंना दिसते ती लॅपटॉपसमोर बसलेली सून. सकाळी तशीच, रात्रीही तशीच. तुमच्या १२ फायली झाल्या की २८, हे त्यांनी ओळखायचं कसं?

आता त्यांचं कुठं चुकतंय तेही सांगतो. विडी वळणारे हात बोलता-बोलता चालतात. पोराला ओरडावं, शेजारणीशी गप्पा माराव्यात, डाळीकडं लक्ष ठेवावं, हात थांबत नाहीत. तुमचं काम तसं नाही. डिस्चार्ज कार्डावरची तारीख, बिलावरची तारीख आणि पॉलिसीची अट एकाच वेळी डोक्यात धरलेली असताना कुणी "अगं, हिंग कुठं ठेवलंय?" म्हणालं की तिन्ही सांडतात आणि फाईल पहिल्यापासून बघावी लागते. हिंगाला अर्धं मिनिट लागलं, फाईल पुन्हा हातात यायला दहा मिनिटं. हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

सांगून तरी कितपत कळेल? म्हणून दाखवा. एखाद्या निवांत दुपारी त्यांना शेजारी बसवा. खरी फाईल उघडू नका, ती दुसऱ्याच्या आजाराची कागदपत्रं आहेत. कागदावर एक खोटी फाईल मांडा : हे बिल, ही तारीख, ही रक्कम, यात एक चूक आहे, ती शोधायची. अशा ३० दिवसाला. एकात चुकलं तर कुणाच्यातरी ऑपरेशनचे पैसे अडकतात, किंवा आमच्याकडं छाट पडते. 'छाट' हाच शब्द वापरा. ज्या बाईनं आपल्या मेहनतीच्या विड्या बाजूला काढलेल्या बघितल्यात तिला पुढचं समजावावं लागणार नाही.

आणि दाराचं कारणही इथंच आहे. "मला त्रास होतो म्हणून दार लावते" असं म्हणाल तर घरातल्यांना ते आपल्यालाच बोलल्यासारखं वाटतं. "परक्या लोकांच्या आजाराचे कागद असतात, कुणी येता-जाता बघितलेले कंपनीला चालत नाहीत" हे खरं कारण आहे, आणि ते कुणाला लागत नाही. मात्र दार दिवसभर लावू नका. साडेअकरा ते दीड आणि साडेतीन ते साडेपाच, एवढंच. या वेळात मुलगा शाळेत असेल. उरलेल्या वेळात दार उघडं. दार कधी उघडणार हे माहीत असलं की माणसं थांबतात. माहीत नसलं की ठोठावतात. थांबायच्या गोष्टींसाठी फ्रिजवर एक कागद लावा : दळण, नणंदेला फोन, लाइट बिल. साडेपाचला बाहेर आलात की तो कागद वाचायचा. सुरुवातीचे काही दिवस सासूबाई त्यावर काही लिहिणार नाहीत, दारच वाजवतील. तेव्हा चिडचिड न करता "कागदावर घालते हं" म्हणायचं आणि परत बसायचं. सवयीला वेळ लागतो.

बाहेर दिसणारा आकडाही हवा. दाराबाहेर मुलाची जुनी पाटी टांगा, जेवायला उठताना त्यावर किती झाल्या ते लिहा. १६. संध्याकाळी ३०. पोरकट वाटेल, पण चार दिवसांत सासरे विचारतील, "आज सोळाच? काल अठरा होत्या." त्या दिवसापासून तुमच्या फायली घरातल्या सगळ्यांच्या झाल्या म्हणून समजा.

आता त्या हरवलेल्या चार तासांकडं. एक आठवडाभर काहीही न बदलता फक्त टिपून ठेवा : किती वाजता उठले, कशासाठी. दुधाचा हिशेब लिहिता त्याच कॅलेंडरच्या मागं लिहिलं तरी चालेल. माझा अंदाज असा, की आठवड्याच्या शेवटी बघाल तेव्हा अचानक आलेलं असं त्यात फारच थोडं निघेल. पाणी, मुलाची रिक्षा, सिलिंडर, कूलर भरणं, भाजीवाला. हे सगळं आधी माहीत असतं. माहीत असलेल्या गोष्टीला आपण व्यत्यय म्हणतो आणि रोज नव्यानं दचकतो.

पाण्याचंच घ्या, कारण सोलापुरात घराचं वेळापत्रक बनतं तेच मुळी पाण्यावर. उजनी धरणाचं पाणी शंभर किलोमीटरहून लांबून येतं आणि नळाला रोज येत नाही. काही दिवसांआड येतं, तेही आपल्या भागाची पाळी असेल तेव्हा. बाहेरगावच्या मॅनेजरला हे कळत नाही. "पाणी आलं म्हणून मीटिंगला उशीर झाला" हे त्याला बहाणा वाटतं. त्याला पाण्याची गोष्ट सांगूच नका. पाळीचा दिवस तुम्हाला माहीत असतो, निदान गल्लीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तरी आदल्या दिवशी कळतो. ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये तेवढा तासभर 'उपलब्ध नाही' म्हणून आधीच अडवून टाका. त्या दिवशी काम तासभर लवकर सुरू करा.

त्याहून महत्त्वाचं, या कामाचे दोन भाग करा. हौद भरणं आणि वरची टाकी भरणं याला माणूस लागू नये. हौदाला आणि टाकीला बॉल कॉक (भरलं की आपोआप बंद होणारा तरंगत्या गोळ्याचा नळ), मोटारीला टाकी भरली की आपोआप बंद होणारा स्विच. इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. (नळाला थेट मोटार लावण्याचा मोह मात्र नको. ते नियमात बसत नाही, आणि शेजाऱ्याचं पाणी आपल्याकडं ओढल्यासारखं होतं.) राहतं पिण्याचं पाणी भरणं आणि घागरी विसळणं. ते खरोखर हातानं करायचं काम आहे, पण ते तुमच्याच हातानं झालं पाहिजे असं कुठं लिहिलंय? यावर शेवटी बोलतो.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो आणि तुमचं घर वरच्या मजल्यावर आहे. दुपारी दोननंतर स्लॅब तापलेला असतो, डोकं चालत नाही, आणि तुम्हाला वाटतं आपणच आळशी झालो. त्या दिवसांत वेळच बदलून घ्या. मॅनेजरला फेब्रुवारीतच मेल टाका : मार्च ते मे मी सकाळी सात ते चार काम करेन, ३० चा आकडा तोच राहील. आकड्यावर चालणाऱ्या कामात ही सवलत मागायला लाजायचं कारण नाही. सकाळी सात ते अकरा हे सोलापूरच्या उन्हाळ्यातले सोन्याचे तास आहेत. अवघड फायली तेव्हा काढायच्या, दुपारी मेल आणि किरकोळ. आपल्या कोरड्या हवेत कूलर चांगला चालतो, पण समोरची खिडकी थोडी उघडी पाहिजे, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो. कूलरलाही पाणीच लागतं, म्हणजे पाळीच्या हिशेबात तेही धरा. लॅपटॉप गादीवर ठेवून काम करत असाल तर आजपासून बंद. खालून हवा कोंडते आणि तो तुमच्याआधी दमतो. पाठीचं काय होतं ते सासूबाईंना विचारा. जमिनीवर वाकून वर्षानुवर्षं बसल्याचं त्या सांगतील. साधं टेबल, कोपर टेबलाच्या उंचीला येईल अशी खुर्ची, लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं आणि वेगळा कीबोर्ड. एवढं पुरे.

मागांच्या आवाजाबद्दल तुम्ही तक्रार केलेली नाही, म्हणजे कानाला सवय झाली असणार. पण फोनवरच्या माणसाला झालेली नाही. तोंडाजवळ माइक येणारा हेडसेट घ्या, तुमच्या कानापेक्षा त्याच्या कानासाठी. मागांच्या सुट्टीचा वार माहीत असेल तर महत्त्वाची मीटिंग शक्यतो त्या वारी घ्या. वीज गेली की माग थांबतात आणि छान शांतता होते, पण तेव्हा वायफायही गेलेलं असतं. त्यासाठी राऊटरला लावायचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. आणि फोनमध्ये दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं ठेवा.

त्या तीन ॲपपैकी एक बहुतेक २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती या पद्धतीचं असणार. ही पद्धत फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवर सुरू केली. पद्धत चांगली आहे. फक्त त्यांच्या खोलीबाहेर पाण्याची पाळी नव्हती. तुम्ही ती दार लावलेल्या दोन वेळांतच वापरा. बाकी वेळात गजर लावला की तो मोडतो आणि उगाच अपराधी वाटतं. मिनिटांपेक्षा फायली मोजा : चार झाल्या की उठायचं, पाणी प्यायचं, गच्चीतून लांबवर कुठंतरी बघायचं. डोळ्यांना तेवढं पुरतं.

याद्यांचं थोडक्यात. रोज सकाळी यादी करू नका. सकाळी बसेपर्यंत घरातली निम्मी कामं डोक्यात शिरलेली असतात आणि यादी पंधरा कलमांची होते. काम बंद करताना उद्याच्या पहिल्या तीन फायली कुठल्या, एवढंच कागदावर लिहा आणि त्या उघडून ठेवता येत असतील तर ठेवा. हीच तुमची भिजत घातलेली पानं.

आणि बंद करायची वेळ. हे तुम्हाला सगळ्यात जड जाईल. सात म्हणजे सात. पहिल्या आठवड्यात २४ फायलींवर सात वाजले तर २४ वरच थांबा, आणि मॅनेजरला सहालाच कळवा की आज २४ होतील, उरलेल्या सहा उद्या दुपारपर्यंत. आजवर तुम्ही रोज रात्री अकराला ३० पूर्ण करून दिल्यात, त्यामुळं कंपनीला वाटतं की सगळं सुरळीत आहे. घरालाही तसंच वाटतं. दोघांनाही तुमचे रात्रीचे चार तास दिसत नाहीत, कारण तुम्ही ते कधी कमी पडू दिले नाहीत. रात्री साडेनऊला मेसेज येत असतील तर त्यांना सकाळी उत्तर द्या, आणि न चिडता, न माफी मागता द्या. ड्यूटीनंतर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झालेला नाही. तोवर ही रेघ आपली आपणच ओढायची आहे.

पाहुण्यांचं एकच सांगतो. संक्रांतीला गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत घर भरलेलं असणार हे ठरलेलं आहे. नंदीध्वज बघायला नणंद पोरांना घेऊन येणार, होम मैदानावर जायचं असणार. त्या दिवसांची रजा डिसेंबरातच टाका. पाहुणे घरात असताना लॅपटॉप उघडा ठेवला की ना काम होतं ना पाहुणचार, आणि दोन्हीकडून बोलणी बसतात.

आता राहिलं एक. तुमच्या पत्रात सासूबाई आहेत, पाणी आहे, नणंद आहे, चहाला येणारी माणसं आहेत. नवऱ्याबद्दल एकच वाक्य आहे : आठला जातो, साडेसहाला येतो. त्यांच्या कारखान्यात फोन करून "जरा हिंग कुठंय बघ" असं कुणी म्हणत नाही. म्हणून पुढच्या चार ओळी त्यांच्यासाठी. कात्रण काढून द्या नाहीतर फोनवर पाठवा.

भाऊ, तुमच्या घरात दोन नोकऱ्या चालतात आणि दोन्हीचा पगार येतो. एक तुम्ही गेटच्या आत करता, दुसरी तुमच्या खोलीत चालते. पाण्याची पाळी पहाटे असेल तर आठच्या आत पिण्याचं पाणी तुम्ही भरून ठेवा, संध्याकाळी असेल तर आल्यावर भरा, आणि दुपारी असेल तेव्हा वडिलांना सांगा. ते घरात असतात आणि बॉल कॉक बसवल्यावर त्यांना फक्त घागर धरायची आहे. साडेसहाला आलात की सात वाजेपर्यंत मुलगा तुमच्याकडं, चहाही तुम्हीच टाका. आणि आई दाराच्या गोष्टीवरून काही बोलल्या तर उत्तर बायकोनं देण्याची वाट बघू नका. त्या तुमच्या आई आहेत. तुमचं ऐकतील, आणि नाही ऐकलं तरी तुमच्यावर चार दिवस रुसून राहतील. सुनेवरचा रुसवा चार वर्षं टिकतो.